प्रयोगशाळेचा शिरस्ता

खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या वडूजच्या परिसरातून विज्ञानशाखेकडे वळणाऱ्या आणि १९६२ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रात्यक्षिक परीक्षेस बसू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पुढील शिरस्ता ध्यानी ठेवावा.

परिपथाची जोडणी शिक्षकांनी तपासल्याखेरीज वीजपुरवठा सुरू करू नये. मल्टिमीटर प्रवाह मोजताना एकसर व विभवांतर मोजताना समांतर जोडावा. आणि सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.७ व्होल्टला, तर जर्मेनियमचा सुमारे ०.३ व्होल्टला वाहू लागतो, हे ग्रंथात वाचलेले असले तरी प्रत्यक्ष निरीक्षण जसे आले तसेच, खाडाखोड न करता, नोंदवावे.

शिक्षकांच्या सहीनिशी पुरे झालेले जर्नल हाच वर्षभराच्या कामाचा दाखला होय.