भूल देऊनच शॉक

तीव्र नैराश्यातल्या माणसाला ईसीटी, म्हणजे विजेच्या शॉकचा उपचार, द्यावी, असं मानसोपचारतज्ज्ञाने सुचवलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पुणेकराच्या डोळ्यांपुढे येरवड्याचं मनोरुग्णालय उभं राहतं. ही भीती उगाच आलेली नाही. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी हा उपचार सुरू केला तेव्हा भूल देत नसत. आकडीच्या जोराने मणके मोडत. आपल्याकडे असे ‘डायरेक्ट’ शॉक एकविसाव्या शतकातही दिले जात होते.

त्याविरुद्ध पुण्यातून ठामपणे बोलत राहिल्या भार्गवी दावर. आईचं मनोरुग्णालयातलं जिणं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. पुढे त्यांनी मानसिक आरोग्यासाठी काम करणारा बापू ट्रस्ट उभारला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या मसुद्यातही पुण्याचा हात आहे, इंडियन लॉ सोसायटीतल्या डॉ. सौमित्र पाठारे यांचा. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायला या कायद्याचं कलम ९५ मनाई करतं. अल्पवयीनांसाठी पालकांच्या संमतीबरोबर या कायद्याखालच्या मंडळाची पूर्वपरवानगीही लागते. कायद्यातल्या तातडीच्या उपचाराच्या तरतुदीखाली तर ईसीटी कुणालाच देता येत नाही. दावर यांचं एवढ्याने समाधान झालं नाही. इच्छेविरुद्धचा कोणताच उपचार त्यांना मान्य नव्हता. त्यांचा हा आग्रह डॉक्टरांनी कायम समोर ठेवावा, असं मला वाटतं.

आज रुग्णाला उपाशीपोटी आणतात, शिरेतून भूल देतात, मग स्नायू सैल करणारं औषध. ऑक्सिजन सुरू असतो. काही सेकंद वीज जाते आणि मेंदूत साधारण अर्धा ते एक मिनिट आकडी चालते. बाहेरून मात्र फार तर पायाची बोटं थरथरलेली दिसतात. काही मिनिटांत जाग येते. असं आठवड्यातून दोन-तीनदा, बहुधा ६ ते १२ वेळा. जो माणूस अन्नपाणी सोडून पडला आहे, दगडासारखा निश्चल झाला आहे किंवा जीव द्यायच्या विचाराने घेरला आहे, त्याच्याकडे गोळ्यांचा गुण येईपर्यंत थांबायला आठवडे नसतात. अशा वेळी केवळ जुन्या भीतीपोटी ईसीटी नाकारणं जिवावर बेतू शकतं, हे स्पष्ट सांगायला हवं.

तितक्याच स्पष्टपणे स्मृतीबद्दलही बोलायला हवं. उपचाराच्या काळातल्या आणि त्याआधीच्या काही महिन्यांच्या आठवणी पुसट होतात. बऱ्याचशा परततात, काहींच्या कायमच्या जातात. डोक्याच्या फक्त उजव्या बाजूने शॉक दिला तर हा त्रास कमी होतो, त्यामुळे संमतीची सही करण्याआधी कोणत्या बाजूने देणार हे नातेवाइकांनी जरूर विचारावं.

आणि नंतरचं काय, हेही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, ईसीटीने बरे झाल्यावर नुसत्या औषधविरहित गोळ्या मिळालेल्यांपैकी ८४ टक्के लोक सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले. नॉर्ट्रिप्टिलीन आणि लिथियम ही औषधं एकत्र घेणाऱ्यांत हेच प्रमाण ३९ टक्के होतं. पुढच्या औषधांचं आणि तपासण्यांचं वेळापत्रक पहिल्या शॉकच्या आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.