भरतीसाठी धावताना टाच, नडगी दुखतेय? आधी पायातले बूट बघा

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ गुण आणि गोळाफेकीचे १५ गुण. म्हणजे ५० पैकी ३५ गुण पायांवरच. म्हणून भरतीची जाहिरात निघाली की पहाटे गावोगावच्या डांबरी रस्त्यांवर पोरं-पोरी पळताना दिसतात. महिनाभरात त्यातले काही जण लंगडायला लागतात. कारणं बहुतेक दोनच. एकदम वाढवलेला सराव आणि चुकीचे बूट.

पळताना प्रत्येक पावलाला पायावर अंगाच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. ६० किलोच्या पोराच्या पायावर १२० ते १८० किलो. हा भार सोसायची सवय हाडांना आणि शिरांना हळूहळूच होते.

कुठे दुखतंय, ते ओळखा

टाच : सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताच टाचेखाली कळ येते, चार पावलं चालल्यावर कमी होते. हा तळव्याच्या जाड पडद्याचा त्रास. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, ३० सेकंद, तीन वेळा. गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवली तरी आराम पडतो.

नडगी : नडगीच्या आतल्या बाजूने लांबट पट्ट्यात दुखत असेल तर सराव कमी करा, डांबर सोडून मातीवर पळा. पण एका बोटाने दाबल्यावर नेमकी एकाच जागी कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. पळणं त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ही चीर सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून लगेच मैदानात उतरू नका.

घोटा : पाय मुरगळला की लगेच चोळू नका, जोरात मालीशही नको. कपड्यात बर्फ गुंडाळून १५-२० मिनिटं शेका, पट्टी बांधा, पाय उंचावर ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढाच.

बूट घेताना

महागडेच बूट लागतात असं नाही, पायाला बसणारे लागतात.

– बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडा फुगतो, सकाळी बरोबर बसलेला बूट पळताना आवळतो.
– पळताना घालता तेच मोजे घालून, दोन्ही पायांत बूट घालून, उभं राहून बघा. दोन पायांत थोडा फरक असतो, मोठ्या पायाचं माप धरा.
– सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच मात्र मागे सरकता कामा नये.
– बूट हातात धरून वाकवा. चवड्याजवळ वाकला तर ठीक. मधोमध दुमडला तर ठेवून द्या.
– दुकानातच चार पावलं पळून बघा. ‘वापरल्यावर सैल होईल’ या बोलण्यावर जाऊ नका.
– खिळ्यांचे बूट मैदानासाठी असतात, डांबरावर नकोत. चप्पल, सँडल किंवा पातळ तळाचे कॅनव्हास बूट रोजच्या पळण्याला चालत नाहीत.

बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. आठवड्यातून सहा दिवस रोज ५ किलोमीटर पळणाऱ्याचे बूट चार ते सहा महिन्यांत संपतात. वरून चकचकीत दिसले तरी तळ दबलेला असतो. भाऊ-मित्राचे जुने बूट म्हणून वापरू नका. आणि नवे बूट चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. दोन-तीन आठवडे आधीच त्यावर पळून घ्या.

सराव वाढवताना

आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवू नये, असा साधा नियम पाळतात. आठवड्यातला एक दिवस पायांना सुट्टी द्या.

दुखणं दाबायला गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पळणं सगळ्यात वाईट. दुखणं कळत नाही, पण चीर वाढत जाते. वेळेत थांबलं तर काही आठवड्यांत पुन्हा पळता येतं. नाही थांबलं तर भरतीच हातची जाते आणि पुढची निघेपर्यंत वयाची अट ओलांडलेली असू शकते.