होडी उसळते का, कलते का?

१८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी हौदातली एक छोटी होडी तारेवाचून, दुरून चालवून दाखवली. आज अशी होडी शाळेच्या विज्ञान मंडळातही जुळवता येते. मात्र तळ्यात पूर्ण वेगाने सोडली की ती कधी नाक आपटत उसळते, कधी एका बाजूला कलते. मुलांना वाटते, मोटर कमी पडते. खरा दोष बहुधा वजनाच्या मांडणीत असतो.

संथ होडी पाणी बाजूला सारत जाते. वेग पुरेसा वाढला, की पाणी तळाला वर रेटते आणि होडी पाण्यावरून घसरू लागते. तळाचा मागचा भागच तेवढा पाण्याला टेकलेला राहतो. गुरुत्वमध्य फार मागे असेल तर नाक उचलले जाते, आपटते, पुन्हा उचलले जाते. अशा वेळी बॅटरी पुढे सरकवावी. समजा, होडीचे एकूण वस्तुमान १२०० ग्रॅम असून त्यात बॅटरी ३०० ग्रॅमची आहे. बॅटरी २ सेंमी पुढे नेली, तर गुरुत्वमध्य (३०० × २) ÷ १२०० म्हणजे ०.५ सेंमी पुढे जातो. अतिरेक केल्यास नाक पाण्यात घुसते व वेग घटतो.

कलण्यामागे न्यूटनचा तिसरा नियम आहे. मागून पाहता प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर होडीला उलट पीळ बसून ती डावीकडे कलते. बॅटरी किंचित उजवीकडे सरकवावी, किंवा मागच्या काठाच्या डाव्या बाजूची पातळ पट्टी जराशी खाली वाकवावी. तेथे पाण्याचा वरचा रेटा वाढतो.

सुकाणूचे काय? वेग दुप्पट झाला, की त्याच कोनात सुकाणूवरचा रेटा सुमारे चौपट होतो. म्हणून संथपणे साधलेले वळण वेगात होडी उलटवू शकते. सुकाणूच्या दांडीला जोडलेली तार बाहेरच्या छिद्रात अडकवली, की सुकाणू कमी वळते.

एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत नोंदवावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाचा हे कळत नाही. बंद पडलेल्या होडीसाठी मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. लांब दोरीला बांधलेला चेंडू होडीपलीकडे फेकून ती ओढून आणावी.