हरमलच्या वाळूत चेंडू किती वेगवान?

ओहोटी लागली की गोव्यात पेडणे तालुक्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावर क्रिकेटचे डाव मांडले जातात. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू सोडायची, लाटांच्या कडेची पचपचीत वाळू टाळायची आणि मधल्या ओलसर पट्ट्यात स्टंप रोवायचे, हे मुलांना कुणी शिकवावे लागत नाही. या पट्ट्यात पाय दाबला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ साली याचे कारण सांगितले. घट्ट बसलेले कण दाबाखाली एकमेकांवर चढतात, त्यांच्यामधली पोकळी वाढते आणि वरचे पाणी आत ओढले जाते. घट्ट बसलेली हीच वाळू चेंडूला थोडीफार उसळी देते. कोरड्या वाळूत चेंडूची ऊर्जा कण बाजूला सारण्यातच संपते.

डाव सुरू झाला की वाद एकच: सगळ्यांत फास्ट कोण टाकतो? पण फलंदाजाला वेग जाणवतो तो वेळेच्या रूपात. चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला किती वेळ लागला, हाच खरा प्रश्न.

पाकिस्तानचा वेगवान गोलंदाज शोएब अख्तर याने २००३ च्या विश्वचषकात केपटाऊनला ताशी १६१.३ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला. अमेरिकेच्या मोनिका ॲबटने २०१२ साली सॉफ्टबॉलमध्ये खालून हात फिरवून ताशी ७७ मैल, म्हणजे सुमारे १२४ किलोमीटरचा वेग गाठला. आकडा अख्तरचा मोठा. पण क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, तर सॉफ्टबॉलमध्ये पिचर आणि फलंदाज यांच्यात अंतर ४३ फुटांचे. त्यातही पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडते. हिशेब केला तर अख्तरसमोरच्या फलंदाजाला ०.४ सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो, ॲबटसमोरच्या खेळाडूला सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. डोळ्यांनी पाहून हात हलायलाच माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात.

म्हणूनच अमेरिकेत गावोगाव फिरून खेळणाऱ्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघांत वयाप्रमाणे अंतर बदलते. १० वर्षांखालील मुलींसाठी ३५ फूट आणि ११ इंच घेराचा लहान चेंडू, १२ वर्षांखालील गटात ४० फूट, पुढे ४३ फूट, आणि या दोन्ही गटांत घेर १२ इंच. ३५ फुटांवरून ताशी ७० किलोमीटरने आलेला चेंडू जवळपास अर्धा सेकंद देतो. ४३ फुटांवर तेवढाच वेळ मिळायला वेग ताशी ८५ ते ९० किलोमीटर असावा लागतो. अंतर न सांगता वेग सांगणे निरर्थक ठरते ते यामुळे.

हे गणित पेडण्याला परके नाही. पेडणे, सावंतवाडी, वेंगुर्ले या पट्ट्यात अंडरआर्म क्रिकेट आवडीने खेळले जाते. हात खांद्याखालून फिरतो, जागा आटोपशीर, खेळपट्टी आखूड. त्यामुळे बघणाऱ्याला सोपा वाटणारा चेंडू फलंदाजाला मात्र घाईत पकडतो.

आपल्याकडे खेळला जाणारा टेनिस बॉल आणखी एक हिशेब बदलतो. त्याचे वजन ५६ ते ५९ ग्रॅम. लेदरचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास. आकार जवळपास सारखा, म्हणून हवेचा रेटाही सारखाच, पण हलका चेंडू त्या रेट्यापुढे सुमारे तिप्पट झपाट्याने मंदावतो. ढोबळ हिशेबाने ताशी १०० किलोमीटरने सुटलेला लेदरचा चेंडू टप्प्यापर्यंत ९० वर येतो, टेनिस बॉल ७५ ते ८० वर. वाळूवर घासून त्याची लव गेली की हवेचा अडथळा घटतो. भिजला की तो जड होतो. एकाच डावात चेंडूचा स्वभाव बदलतो तो असा.

हरमलचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि किनाऱ्याला समांतर आखलेल्या खेळपट्टीवर तो आडवा लागतो. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा २२ यार्डांत टेनिस बॉलला फूटभर ढकलू शकतो. तीन स्टंपांची मिळून रुंदी ९ इंच! तेव्हा गोलंदाजाच्या ‘स्विंग’मध्ये वाऱ्याचा वाटा किती, हे तपासून पाहावे. दमट हवा जड असते, हा समज मात्र खोटा. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो. म्हणून तीस अंश तापमानाला गोव्याची दमट हवा तेवढ्याच तापलेल्या कोरड्या हवेपेक्षा टक्काभर विरळच भरते.

जमिनीचा फरक याहून मोठा. सरद, म्हणजे पावसाळी पिकाची कापणी झाली की रिकाम्या शेतांत खेळपट्ट्या तयार होतात. वाळलेल्या मातीवर उसळी बऱ्यापैकी सारखी मिळते, भेगा पडल्या की बिघडते. सड्यावरचा, म्हणजे कातळी पठारावरचा जांभा सगळ्यांत कठीण. तिथे चेंडू झपकन उसळतो आणि खड्यावर पडला तर कुठेही वळतो. एकाच मुलाचा एकच चेंडू वाळूवर गुडघ्याला आणि सड्यावर छातीला येतो.

खालून टाकल्याने खांद्याला त्रास होत नाही, हाही गैरसमज आहे. सॉफ्टबॉलमध्ये हात पूर्ण गोल फिरवून टाकणाऱ्या किशोरवयीन मुलींच्या तपासणीत खांद्यावरची ओढ जवळपास शरीराच्या वजनाइतकी आढळली आहे. वाढत्या वयातल्या सांध्याला विश्रांती लागतेच.

वेळ मोजायला स्पीडगन लागत नाही. मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ काढा आणि चेंडू सुटल्यापासून बॅटपर्यंतच्या फ्रेम मोजा. ३० भरल्या तर अर्धा सेकंद. गावात लहान मुलांची स्पर्धा भरवणाऱ्यांनी एवढे जरूर करावे. वेळ फारच कमी भरला तर खेळपट्टी दोन-तीन पावलांनी लांबवावी, सड्यावर हेल्मेट सक्तीचे करावे आणि एका मुलाने दिवसात किती षटके टाकायची, हे स्पर्धेच्या नियमांतच लिहून ठेवावे.