'त्याचा धर्म' : निवडणूक कायद्यातील एका सर्वनामाचा अर्थ

धर्मनिरपेक्ष लोकशाहीतील धर्माच्या स्थानाची चर्चा बहुधा राज्यघटनेच्या उद्देशिकेपासून सुरू होते. प्रत्यक्षात तिची कसोटी लागते ती प्रचारसभेत. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार 'त्याच्या' धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या आधारे मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. १९६१ च्या दुरुस्तीने आलेला हा 'त्याच्या' नेमका कोणाचा? उमेदवाराचा, की मतदाराचाही?

विलेपार्ले येथील १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावे मते मागितल्याबद्दल विजयी उमेदवार रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली व १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठरवली. त्याच दिवशी मनोहर जोशी यांच्या खटल्यात मात्र महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल, हे विधान केवळ आशा व्यक्त करणारे मानले गेले. सामान्य मतदाराला हा भेद कितपत उमगला असेल, याविषयी शंकाच आहे.

'त्याच्या' या शब्दाचा अर्थ २ जानेवारी २०१७ रोजी अभिराम सिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी निश्चित केला. बहुमताने मतदाराचा धर्मही कक्षेत आणला. न्या. चंद्रचूड यांच्या अल्पमतानुसार हा शब्द उमेदवार व प्रतिस्पर्धी यांच्यापुरताच आहे. धर्म वा जातीमुळे वाट्याला आलेल्या अन्यायाची चर्चा लोकशाहीत वर्ज्य ठरू शकत नाही.

अल्पमताचे वजन महाराष्ट्राच्या अनुभवावरून ध्यानात येते. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्र शासनाकडून अनुसूचित जातीचा दर्जा मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या काळात एखाद्या उमेदवाराने याच मागणीसाठी बौद्ध मतदारांकडे मते मागितली असती, तर ते धर्माच्या नावे केलेले आवाहन, की नागरी हक्काची मागणी? बहुमताच्या व्यापक अर्थाने मतदाराच्या श्रद्धेला चेतवणाऱ्या भाषणाला आळा बसतो, हे मान्य करावे लागेल. परंतु वंचितांच्या गाऱ्हाण्यालाही तोच नियम लागू होण्याचा धोका उरतो. ही सीमारेषा आता उच्च न्यायालयांना प्रत्येक निवडणूक याचिकेत, भाषणागणिक आखावी लागते. अभिराम सिंग यांची मूळ निवडणूक सांताक्रूझची, १९९० सालची. शब्दाचा अर्थ ठरेपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपून दोन दशके उलटली होती.