किनाऱ्यावरील अग्निजन्य खडक : उत्पत्ती व वय

कोकणातील मुलांना काळवथरी व जांभा हे दोन्ही दगड परिचित असतात. पाटावरवंटा पहिल्याचा, घराची भिंत दुसऱ्याची. परंतु हे दगड कसे व केव्हा झाले, या प्रश्नाचे उत्तर देताना ‘ज्वालामुखीपासून, फार पूर्वी’ एवढेच सांगून शिक्षकाने थांबू नये. खडकाचा जन्म कोणत्या पुराव्यावरून ओळखतात, हे समजावून देणे अधिक महत्त्वाचे होय.

काळवथरी म्हणजे बेसाल्ट. भूपृष्ठावर पसरलेला शिलारस लवकर निवाल्यामुळे त्याचे कण अतिसूक्ष्म राहिले. त्यातील वायूंच्या बुडबुड्यांची छिद्रे आजही दिसतात. निवताना खडक आकुंचन पावून त्यास भेगा पडतात व काही ठिकाणी बहुकोनी स्तंभ तयार होतात. तळ्याचा चिखल वाळताना पडणाऱ्या भेगा दाखविल्यास मुलांना ही क्रिया सहज कळेल. बेसाल्ट दीर्घकाळ उष्ण व पावसाळी हवेत झिजून कोकणात बराचसा जांभा बनला.

वयाचा निर्णय दोन प्रकारे होतो. पहिला प्रकार क्रमाचा. थर उलथलेले नसल्यास खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा. रायगड जिल्ह्यात मुरूडच्या परिसरात जुन्या खडकांना छेदून गेलेल्या अग्निजन्य भित्ती आढळतात. छेदणारा खडक छेदल्या गेलेल्या खडकाहून नवा, हे उघड आहे.

दुसरा प्रकार वर्षांत मोजण्याचा. खडकातील पोटॅशियमचा एक किरणोत्सर्गी प्रकार अत्यंत सावकाश क्षय पावतो व त्याच्या काही भागापासून आर्गॉन वायू बनतो. मूळ द्रव्य निम्मे होण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. वितळलेल्या शिलारसातून आर्गॉन निसटतो, घट्ट खडकात तो साठतो. म्हणून दोहोंच्या प्रमाणावरून वय काढता येते. मात्र समुद्राच्या पाण्याने कुजलेल्या दगडातून आर्गॉन निसटण्याचा संभव असतो, यास्तव आतील ताजा दगडच तपासावा लागतो.

केवळ रूपावरून वय ठरविणे किती फसवे आहे, हे कर्नाटकातील उडुपी जिल्ह्यात मालपेसमोर असलेल्या सेंट मेरी बेटांवरून दिसून येते. तेथील स्तंभांना लोक बेसाल्टच म्हणतात. वास्तविक त्या खडकात सिलिकेचे प्रमाण बेसाल्टपेक्षा पुष्कळ अधिक आहे. महाराष्ट्रातील बेसाल्टचे मुख्य थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, तर या बेटांचे वय सुमारे ८.५ ते ९ कोटी वर्षे भरते. मादागास्करमध्येही त्याच काळातील ज्वालामुखीय खडक सापडतात. ते बेट भारतापासून विलग होत असताना हा शिलारस बाहेर आला, असे भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे एकाच किनाऱ्यावरील, सारख्या दिसणाऱ्या खडकांत सुमारे दोन कोटी वर्षांचे अंतर आहे.

सहलीच्या वेळी, ओहोटी असताना, विद्यार्थ्यांकडून थर, छिद्रे व भित्ती यांचे चित्र काढून घ्यावे. स्तंभ फोडू देऊ नयेत, कारण फुटलेला पुरावा पुन्हा घडत नाही. आणि विद्यार्थ्याने वय सांगितले की, ‘ते कशावरून?’ हा प्रश्न शिक्षकाने अवश्य विचारावा.