जुन्या इंजिनाला शिशाऐवजी काय द्यायचं?

पुण्यात हौसेने जुनी एमजीबी किंवा जग्वार बाळगणारी मंडळी मला हमखास विचारतात, “दादा, पेट्रोलमध्ये कुठली बाटली टाकू?” माझं काम सिलिंडर हेडचं. मी आधी विचारतो, गाडी चढावर नॉकिंग करते, की टॅपेटचा गॅप सारखा कमी होतो? या दोन निराळ्या तक्रारी आहेत. पेट्रोलमधलं शिसं दोन्ही सांभाळायचं, म्हणून पूर्वी हा प्रश्नच पडत नसे.

जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये टेट्राइथाइल लेड वापरून पाहिलं ते नॉकिंग थांबवायला. ऑक्टेन स्वस्तात वाढला, त्यामुळे कॉम्प्रेशन वाढवता आलं. व्हॉल्व्ह सीटचं रक्षण हा वरकड फायदा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घाटात लालबुंद तापतो आणि चार हजार आरपीएमला मिनिटात दोन हजार वेळा सीटवर आपटतो. एमजीबीसारख्या गाडीत ही सीट बिडाच्या हेडमध्येच कापलेली. कोरडं बीड तापल्या व्हॉल्व्हला चिकटतं, कण सुटतात आणि तेच कण सीट खरवडत राहतात. शिशाच्या क्षारांचा पातळ थर हे चिकटणं टाळायचा. तो गेला की व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुततो. बाहेरून काही दिसत नाही. पण पंधरा थाऊचं फिलर गेज, जे मागच्या सेटिंगला सहज सरकलं होतं, ते एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये शिरतच नाही. गॅप पार संपला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गॅस निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो.

भारतात फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं, आणि फार चांगलं झालं. शिसं लहान मुलांच्या मेंदूचं कायमचं नुकसान करतं. विमानाचं ‘१०० एलएल’ पेट्रोल मिळवून टाकीत मिसळू का, असं कोणी विचारलं तर मी सरळ नाही म्हणतो. त्यात लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं. आपल्या हौसेसाठी ते शाळेपुढच्या रस्त्यावर कशाला सोडायचं?

नॉकिंगचा उपाय पंपावरच आहे. एमजीबीचं कॉम्प्रेशन ८.८ ला १, तिला चांगला ऑक्टेन लागतो. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० पासून पुण्यातही आलं. ते परवडत नसेल तर डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग थोडं मागे घ्यावं. ताकद जरा कमी होते, पण पिस्टन वाचतात. मात्र शंभर ऑक्टेनचं पेट्रोल सीटला काडीचंही संरक्षण देत नाही. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोलही नाही. उलट ते जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम खराब करू शकतं.

सीटसाठी ज्या बाटल्या मिळतात त्यांत फॉस्फरस, पोटॅशियम, सोडियम किंवा मँगनीज असतं. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या महासंघाने इंजिनावर चाचणी घेऊन त्यांतल्या काहींना मान्यता दिली होती. लेबलवर नुसतं ‘ऑक्टेन बूस्टर’ असेल तर ती बाटली या कामाची नव्हे. आणि एक निवडली की तीच ठेवावी. दोन प्रकार एकत्र करू नयेत. मँगनीजवाल्याने प्लगवर तांबूस थर बसतो, तो बघून घाबरू नका.

रविवारी सकाळी गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला एवढं पुरतं. पण तिने तुम्ही महाबळेश्वर गाठणार असाल, तर हेड उतरेल तेव्हा एक्झॉस्टला कठीण धातूच्या सीट रिंग बसवून घ्या. अॅम्बॅसिडरचं जुनं १४८९ सीसी इंजिन एमजीबीच्याच बीएमसी बी-सिरीज घराण्यातलं, त्यामुळे हे हेड आपल्याकडच्या जुन्या कारागिरांच्या हाताखालचं आहे. रिंगचा खड्डा नेमक्या मापाचा हवा. सैल बसलेली रिंग चालू इंजिनात निसटली तर पिस्टनसकट सगळं जातं. खड्डा कापण्याआधी पाण्याच्या जॅकेटपर्यंत किती बीड शिल्लक आहे ते तपासायला सांगा, आणि काम चालू असताना स्वतः तिथे उभे राहा.